मेपलचा नेक की महोगनीचा?

इलेक्ट्रिक गिटारच्या नेकचं, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्याचं, लाकूड म्हटलं की फेंडर कंपनीचा मेपल आणि गिब्सन कंपनीची महोगनी ही जोडी समोर येते. मेपल कडक आणि जड, त्याचा सूर टणक. महोगनी हलकी, तिचा सूर उबदार, असं सगळेच सांगतात. पण फेंडरच्या टेलिकास्टरची स्केल लेंग्थ (तारेची कंप पावणारी लांबी) २५.५ इंच, गिब्सनच्या लेस पॉलची साधारण २४.७५, शिवाय पिकअप (तारांचं कंपन टिपणारे चुंबकी भाग) वेगळे. मग कानाला जाणवणाऱ्या फरकात लाकडाचा वाटा किती? माझ्या मते थोडाच. एखाद्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) सूर लवकर विझतो, तो 'डेड स्पॉट' मात्र बहुतेकदा नेकच्याच कंपनामुळे.

हाताला जाणवतं ते बरंचसं फिनिश, म्हणजे लाकडावरचा लेप: चकचकीत लॅकरवर घामेजलेला अंगठा अडतो, कमी चकाकीच्या सॅटिनवर सरकतो.

महोगनीची दुखरी जागा हेडस्टॉकपाशी, म्हणजे नेकच्या खुंट्यांच्या टोकापाशी. गिब्सनचा हेडस्टॉक मागे कललेला, बहुधा १७ अंशांत. त्यामुळे तिथे लाकडाचे तंतू मध्येच तुटतात, त्यात ट्रस रॉडच्या (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईच्या) नटसाठी खाच कोरलेली. गिटार स्टँडवरून पडली की तडा तिथेच. फेंडरचा सरळ हेडस्टॉक सहसा असा मोडत नाही, आणि स्क्रूंनी बसवलेला नेक बदलताही येतो. सतत कार्यक्रम करणाऱ्याला मी मेपलच सुचवेन.