दहशूर: वाकडा पिरॅमिड की लाल?

इजिप्तमधल्या दहशूरचे हे दोन्ही पिरॅमिड स्नेफ्रू राजाचे. गिझाचा सर्वांत मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफूचा हा बाप. उंचीही जवळपास सारखीच, साधारण १०५ मीटर. वाकड्याचा उतार खाली सुमारे ५४ अंशांचा; बांधकामाला तडे जाऊ लागल्यावर वरच्या भागात तो ४३ अंशांवर आणला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. लाल पिरॅमिड मग पायापासूनच ४३ अंशांच्या आसपास ठेवला. त्याचा तांबूस रंग उघड्या पडलेल्या दगडाचा. वरचं पांढऱ्या चुनखडीचं आवरण लोकांनी केव्हाच काढून नेलं. वाकड्याचं बरंचसं अजून शाबूत आहे. आत शिरायचं असेल तर लाल निवडा, टप्प्याटप्प्याने निमुळतं होत गेलेलं छत बघायला. बाहेरून मात्र मला वाकडाच आवडतो. बांधणाऱ्यांची धाकधूक त्यात सरळ दिसते.