हायड्रोजनची गाडी की बॅटरीची? बडोद्यातल्या एका भाचीसाठी तुलना

भाचीने परवा विचारलं, "मामा, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हायड्रोजनची रेल्वे घेऊ की बॅटरीची?" मी तिला उलट विचारलं, "वर तार नसलेला रूळ किती किलोमीटरचा धरला आहेस?" निवड तिथेच होते. तिच्यासारखी बरीच मुलं याच पेचात असतील, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. हायड्रोजनची गाडी हीसुद्धा विजेचीच गाडी. छतावरच्या टाक्यांत ३५० बार (हवेच्या दाबाच्या साधारण ३५० पट) दाबाने भरलेला हायड्रोजन फ्यूएल सेलमध्ये हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतो, वीज तयार होते आणि बाहेर वाफ पडते. शिवाय तिच्यात बॅटरीही असतेच, कारण ब्रेक लावताना परत मिळणारी वीज कुठेतरी साठवावी लागते. फरक एवढाच की ही गाडी आपलं वीजघर सोबत घेऊन फिरते, तर बॅटरीची गाडी घरून डबा भरून निघते.

आता हिशोब. सौर पॅनेलमधून १०० युनिट निघाली असं धरू. ओव्हरहेड तारेतून दिली तर साधारण ७५ ते ८० चाकांपर्यंत पोचतात, बॅटरीमार्गे सत्तरच्या आसपास. हायड्रोजनमार्गे जेमतेम ३०. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला पन्नासेक युनिट लागतात, त्या किलोत ३३ युनिट उरतात, दाबून भरताना आणखी थोडी जातात आणि फ्यूएल सेल उरलेल्याच्या निम्मी उष्णता म्हणून सोडतो. हा तोटा कारागिरीचा नाही, मार्गाचाच आहे. तो सुधारेल, पण बॅटरीच्या बरोबरीला येणार नाही.

मग हायड्रोजन घ्यायचाच कशाला? अंतरासाठी. आल्स्टॉम कंपनीची हायड्रोजन गाडी कोराडिया आयलिंट सप्टेंबर २०१८ मध्ये जर्मनीच्या लोअर सॅक्सनीत प्रवाशांना घेऊन धावू लागली आणि २०२२ मध्ये तिने एका भरणीत १,१७५ किलोमीटर कापले. स्टॅडलर कंपनीच्या बॅटरी गाडीने २०२१ मध्ये विक्रम केला तो एका चार्जवर २२४ किलोमीटरचा. टाकी डिझेलसारखी काही मिनिटांत भरते, हेही खरं. पण त्याच लोअर सॅक्सनीने चौदा आयलिंटचा ताफा घेतल्यावर २०२३ मध्ये जाहीर केलं की पुढच्या गाड्या बॅटरीच्या, कारण त्या चालवायला स्वस्त पडतात. माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात वजनदार पुरावा हाच, कारण तो वापरून पाहणाऱ्याचा आहे. जपानमध्ये कारासुयामा मार्गावर २०१४ पासून बॅटरीची गाडी धावते. तिचा विनातारेचा टप्पा आहे २०.४ किलोमीटर.

बडोद्याचा मे महिना मात्र या हिशोबात वेगळा धरावा लागतो. फ्यूएल सेल साधारण सत्तर-ऐंशी अंशांवर चालतो. बाहेर त्रेचाळीस अंश असताना दोन्ही तापमानांत अंतर कमी राहतं, त्यामुळे तीच उष्णता बाहेर टाकायला रेडिएटर मोठा लागतो. डिझेल इंजिनाची बरीचशी उष्णता धुराबरोबर निघून जाते, इथे ती सोय नाही. बॅटरीलाही थंड ठेवावं लागतं, पण तिच्यात उष्णता मुळातच कमी तयार होते. प्रोजेक्टसाठी हा मुद्दा मला फार आवडतो, कारण थंड देशातल्या आकड्यांवर इथली गाडी बेतता येत नाही.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. घरातला एलपीजी गळला तर खाली बसतो, हायड्रोजन वर निघून जातो. उघड्यावर ते बरं. शेडच्या छताखाली मात्र तो साचतो, म्हणून सेन्सर वर लावायचे. त्याची ज्वाळा दिवसा जवळजवळ दिसत नाही.

आपल्याकडे ब्रॉडगेजचं विद्युतीकरण ९८ टक्क्यांच्या पुढे गेलंय. बडोद्यातून निघणारा प्रतापनगर–एकतानगर मार्ग २०२१ पासून तारेखाली आहे. म्हणजे हायड्रोजनला जागा उरते ती डोंगरातल्या जुन्या वारसा-मार्गांवर, जिथे तार बोगद्यांत आणि देखाव्यात आड येते. रेल्वेच्या योजनेत अशा ३५ गाड्या आहेत, प्रत्येकी सुमारे ८० कोटींच्या, शिवाय दर मार्गावर जमिनीवरच्या सोयींसाठी ७० कोटी. हरियाणातला जींद–सोनीपत हा ८९ किलोमीटरचा मार्ग पहिल्या चाचणीसाठी निवडलाय. तो ७० कोटींचा आकडा लोक वाचतच नाहीत, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो.

कारण आपल्याच गावचा इतिहास बघा. १८६२ मध्ये खंडेराव महाराजांच्या काळात डभोई–मियागाम नॅरोगेज सुरू झाली ती बैलांनी ओढलेली. पुढे इंजिनं आणली, तर हलक्या रुळांना त्यांचं वजन पेलेना. रूळ बदलले आणि १८७३ पासून इंजिनं नियमित धावू लागली. इथेही गाडी घेण्याआधी हायड्रोजन कुठे बनणार, कोण भरणार आणि शेड कशी असणार ते ठरवावं लागतं. बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत हायड्रोजन वर्षानुवर्षं बनतो, पण तो ज्या इंधनापासून काढतात त्यातल्या कार्बनमुळे तो हिरवा, म्हणजे कार्बन न सोडता बनवलेला, म्हणता येत नाही.

भाचीला मी बॅटरी घे म्हटलं. टप्पा शंभर किलोमीटरच्या आत असेल आणि एका टोकाला तार मिळत असेल, तर दुसरा विचारच नको. मात्र जिला केमिकलची ओढ आहे, जिला टाक्या, झडपा, दाब यांत रस आहे, तिने हायड्रोजन खुशाल घ्यावा. ते शिक्षण खत कारखान्यात आणि रिफायनरीतही कामाला येतं. एकच अट, प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर मार्गाची लांबी, चढ आणि मे महिन्याचं तापमान लिहायचं.