विमा एजंट काकूंच्या त्या एका फोननं इंजिन वाचलं

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी. ओसरल्यावर पाहिलं तर गाडीच्या सीटवर बोटभर गाळ. किल्ली फिरवणार, तेवढ्यात धरमपेठेतल्या आमच्या विमा एजंट काकूंचा फोन, "अरे, स्टार्टर मारू नको! आधी फोटो काढ, गाडी टो करूनच ने."

बुडालेलं इंजिन सुरू केलं की सिलिंडरमधल्या पाण्यानं कनेक्टिंग रॉड वाकतो. तो खर्च साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत (जी आपल्या गाडीचं नुकसानही भरून देते) सहसा मिळत नाही, त्याला 'इंजिन प्रोटेक्ट' हे जोड-कव्हर वेगळं घ्यावं लागतं. माझ्याकडे ते नव्हतं.

नुकसान तपासणारा विमा कंपनीचा सर्व्हेअर मात्र पाचव्या दिवशी उगवला, त्याचा राग अजून आहे. प्लास्टिक-रबरच्या पार्टवर 50 टक्के घसारा (पार्ट जुना झाल्याची कपात) कापला, तेही काकूंनी आधीच सांगून ठेवलं होतं. शेजारच्या भाऊंकडे नुसता थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, त्यांना दमडी मिळाली नाही. फार वाईट वाटलं.

काकूंना माझ्याकडून पाचपैकी पाच. क्लेमचा फॉर्म भरायला त्या चिखल तुडवत घरी आल्या होत्या. यंदा झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) आणि इंजिन प्रोटेक्ट, दोन्ही त्यांच्याकडूनच घेतले.