शेतावरच्या खाऱ्या बोअरसाठी: सोलर आरओ की काचपेटी?

खारपाणपट्ट्यात ज्यांचं शेत आहे, त्यांना बोअरच्या पाण्याची चव सांगायला नको. आमचं शेत अमरावती जिल्ह्यात दर्यापूरकडे. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला 2400 मिलिग्रॅमच्या आसपास. दुसरं पाणीच नसेल तर चालवून घ्या, अशी पिण्याच्या पाण्याची जी 2000ची मर्यादा आहे तिच्याही वर. या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. विजेचा भरवसा नाही, म्हणून उन्हावर चालणारे दोनच पर्याय उरले: सोलर आरओ, म्हणजे पॅनलच्या विजेवर पाणी दाबानं पडद्यातून गाळणारं यंत्र, आणि काचपेटी, म्हणजे खाऱ्या पाण्याची उन्हानं वाफ करून ती काचेवर थंड झाली की गोळा करणारी पेटी. दोन्ही वापरून झाले.

पाण्याच्या हिशेबात सोलर आरओ सरळ पुढे आहे. दुपारपर्यंत पिंप भरतं. काचपेटी चौरस मीटरमागे दिवसाला दोन-तीन लिटर वाफेचं पाणी देते, मे महिन्यात थोडं जास्त. पाच माणसांच्या पिण्याला नि डाळीला आम्ही सहा चौरस मीटर काच घातली. पाहुणे आले की ओढाताण होते, हे कबूल.

माझं मन फिरलं ते आरओनं सोडलेल्या पाण्यामुळे. आमच्या यंत्रातून बादलीभर गोड्या पाण्यामागे जवळजवळ तीन बादल्या जास्त खारट पाणी बाहेर पडायचं. शहरात ते मोरीत जातं, शेतात कुठे सोडायचं? आधी कडुनिंबाला दिलं, मग नाल्याकडे चर काढला. आपली काळी माती मुळातच पाणी मुरू देत नाही, त्यात खार बसला की वाळून सिमेंट होते. दुसऱ्या वर्षी चराकाठी हरभरा उगवलाच नाही. मग शेजारी आला: “भाऊ, हे तुमचं पाणी माह्या धुऱ्यावर येऊन रायलं.” धुरा म्हणजे शेताचा बांध. त्यावर मला बोलायला जागा नव्हती.

खार काचपेटीतही उरतोच, पण आठवड्याला दोन बादल्या. ते पाणी ताडपत्री घातलेल्या खड्ड्यात सुकतं. आरओचं रोजचं पाणी तिथे मावलं नसतं. तळ घासावा लागतो, काच पुसावी लागते. (ते काम मी घेतलंय, नाहीतर आपोआप घरातल्या बाईच्या माथी जातं.) पाण्याला चव नसते, म्हणून नऊ लिटरला एक लिटर बोअरचं उकळून मिसळतो, त्याआधी नायट्रेट तेवढं तपासून घ्या. आषाढात पेटी जवळपास बंदच असते, पण काचेवरचा पाऊस पन्हळीतून टाकीत येतो. आणि आपलं ऊन तिला मानवतं, पॅनल मात्र तापलं की वीज कमी देतं.

भाचा याला जुनाट म्हणतो. खरंच आहे, चिलीत लास सालिनासला 1872 मध्ये असंच काचेचं शेत उभं राहिलं होतं.

पन्नास घरांची वस्ती असेल तर बहुधा आरओच घ्यावा लागेल, पेट्यांना तेवढी जागा कुठून आणणार? फक्त चर कुठून जाणार ते धुऱ्यापलीकडच्याला आधी विचारा.