गॅस गीझर की लाइटवरचा? आधी बाथरूमची खिडकी बघा

दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं: घरात चार माणसं आहेत, लाइट जाते, मग गॅसचाच घ्या. पाण्यापुरतं ते खरंही आहे. नळ सोडला की गॅस गीझर टकटक करून पेटतो, दोन सेलवर चालतो आणि पाणी संपत नाही. लाइटवरच्या १५ लिटरच्या टाकीला पाणी तापवायला वीसेक मिनिटं लागतात. एकाची आंघोळ झाली की पुढच्याने थांबायचं. गॅस बहुधा स्वस्तही पडतो. लाइटवर एका बादलीला साधारण अर्धा युनिट जातो, तर १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये माझ्या हिशेबाने तीनेकशे बादल्या निघतात, म्हणजे एक सिलिंडर दीडशे युनिटांचं काम करतो.

पण ती ज्योत जळते कुठल्या हवेवर? चार बाय सहाची बाथरूम, थंडी म्हणून खिडकीच्या काचपट्ट्या बंद, त्यावर प्लास्टिक डकवलेलं. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो मुद्दाम घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. आजीच्या बंबातूनही हा निघायचाच, पण धुराने डोळे चुरचुरून माणूस आधी बाहेर पळायचा.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. आधी डोकं जड, मग मळमळ, चक्कर. पाय लटपटतात आणि कडीपर्यंत हात पोचत नाही. पित्त झालं असेल म्हणून पुष्कळदा सोडून दिलं जातं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे चक्क फसवतो, आकडा ९८ दाखवतो. रक्त तपासल्याशिवाय खरं कळत नाही. गर्भवती आणि हृदयरोगी यांना धोका जास्त. काहींना बरं वाटल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसराळूपणा किंवा चालण्यात अडखळणं सुरू होतं.

लाइटवरच्या गीझरमध्ये हा प्रश्नच नाही. तिथे भीती शॉकची, आणि ती अर्थिंग नि ईएलसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) नीट असतील तर आटोक्यात राहते.

माझं मत: ड्राय बाल्कनी उघडी असेल तर गीझर तिथे लावून नळी आत घ्या, मग गॅसचा खुशाल घ्या. फक्त त्याची गरम हवा बाथरूमच्या खिडकीतून परत आत यायला नको. जागा बाथरूममध्येच असेल तर लाइटवरचा. नुसता एक्झॉस्ट फॅन पुरत नाही, बाहेरची हवा आत यायला वाट हवी.

भाड्याच्या घरात आधीच आत बसवलेला असेल, तर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, मग आंघोळीला बसा. ज्योत निळीची पिवळी दिसली तर मिस्त्रीला बोलवेपर्यंत पेटवू नका. आत कुणी भोवळून पडलं, तर दार उघडून आधी मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा: आंघोळ करत होते, गॅस गीझर चालू होता.