कार्यक्रम-संशोधकाच्या नजरेतून वेबॅक मशीन

दूरचित्रवाणी किंवा रेडिओच्या कार्यक्रमासाठी संशोधन करणाऱ्याला संहितेतील प्रत्येक विधानाला आधार द्यावा लागतो. तो आधार ज्या संकेतस्थळावर सापडला, तिथला मजकूर प्रक्षेपणापूर्वी बदलला किंवा काढून टाकला गेला, तर निर्मात्यापुढे ठेवायला हाती काही उरत नाही. संकेतस्थळांवरील पानांच्या जुन्या प्रती जतन करणारी, इंटरनेट अर्काइव्ह या ना-नफा संस्थेने २००१ पासून सर्वांना मोफत खुली केलेली ‘वेबॅक मशीन’ ही सेवा नेमकी ही अडचण सोडवते. माझ्या मते या कामात तिच्या तोडीचे दुसरे साधन नाही. मात्र तिच्या नोंदी बारकाईने वाचाव्या लागतात.

पानाचा पत्ता दिला की दिनदर्शिका उघडते आणि प्रती उपलब्ध असलेल्या तारखा ठळक दिसतात. प्रत्येक प्रतीच्या पत्त्यात वर्षापासून सेकंदापर्यंतची वेळ सांगणारा १४ अंकी आकडा असतो. ही वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असल्याने तारीख टिपणात उतरवण्याआधी स्थानिक वेळ काढावी लागते. शिवाय ती प्रत घेतल्याची वेळ असते, मजकूर प्रसिद्ध झाल्याची नव्हे. ‘अमुक दिवशी हे विधान पानावर होते’ एवढेच तिच्यावरून म्हणता येते, आणि निवेदनातील वाक्यही तेवढेच असावे.

पडद्यावर जुने पान दाखवायचे असेल तर आणखी जपावे लागते, कारण मजकूर एका दिवशीचा आणि त्यातले छायाचित्र दुसऱ्याच दिवशीचे असू शकते. प्रतीच्या माहितीपट्टीत प्रत्येक घटकाच्या वेळेतला फरक दिलेला असतो. तो पाहिल्याशिवाय पान संकलकाकडे देऊ नये.

संदर्भ सापडताच पान स्वतः जतन करण्याची सोय मला सर्वांत मोलाची वाटते. अमेरिकी दूरचित्रवाणी बातम्यांचा संस्थेचा संग्रहही उपयोगी आहे. तिथे उपशीर्षकांच्या मजकुरातून शोध घेता येतो. पण थेट प्रक्षेपणातील उपशीर्षकांत विशेषनामे हमखास चुकतात, त्यामुळे निरनिराळ्या वर्णलेखनांनी शोधावे आणि उद्धृत करण्यापूर्वी मूळ ध्वनी ऐकावाच.

लॉगिनमागची पाने येथे मिळत नाहीत, चित्रफितीही पुष्कळदा सुटतात आणि मालकाच्या विनंतीवरून काही संकेतस्थळे वगळलेली असतात. जतन केलेली प्रत मिळाली म्हणजे ती प्रक्षेपित करण्याचा हक्क मिळाला असे होत नाही. मूळ हक्कधारकाची परवानगी घ्यावीच लागते, आणि त्यासाठीचे पत्र संकलन सुरू होण्यापूर्वी गेलेले बरे.