गांधी मैदानावरचा मोटरसायकल शर्यतींचा महोत्सव: मोफत, गर्दीचा आणि पुन्हा जावे असा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानावर थंडीच्या दिवसांत भरलेला मोटरसायकल शर्यतींचा महोत्सव आम्ही शनिवारी आणि रविवारी, असा दोन्ही दिवस पाहिला. आम्ही म्हणजे मी, माझी दहा वर्षांची मुलगी आणि माझे वडील. वडिलांना घरात आणि गल्लीत सगळे आप्पा म्हणतात. त्यांची पस्तीस वर्षे शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेली आहेत. महोत्सवाला प्रवेश मोफत होता, पासाची भानगड नव्हती आणि मैदान पेठेत असल्यामुळे महाद्वार रोडवर खरेदीला आलेली कुटुंबेसुद्धा हातातल्या पिशव्यांसकट आत शिरत होती. शर्यत म्हटले की गावाबाहेरचे माळरान आणि तरुण मुलांचीच गर्दी डोळ्यांसमोर येते. इथे मात्र नऊवारीतल्या आजी, शनिवारची सकाळची शाळा सुटताच गणवेशात आलेली मुले आणि तान्ह्या बाळांना घेऊन आलेल्या आया एकाच बांबूच्या कुंपणाला लागून बसल्या होत्या. मला कार्यक्रम मनापासून आवडला आणि व्यवस्थेतल्या काही गोष्टी तितक्याच खटकल्या. असा महोत्सव आपल्या शहरात टिकावा असे वाटते, म्हणून दोन्हींविषयी सविस्तर लिहीत आहे.

जुन्या माणसांच्या तोंडी या मैदानाचे नाव अजून वरुणतीर्थ असेच आहे. इथे पूर्वी तळे होते आणि आजही मोठा पाऊस झाला की पाणी आपली जुनी जागा शोधत इथेच येऊन साठते. थंडीत मात्र जमीन कोरडी आणि घट्ट असते, त्यामुळे वरून मुरूम आणि माती टाकून नागमोडी ट्रॅक उभा करणे शक्य झाले होते. वळणांच्या बाहेरच्या कडेला मातीचा बांध चढवला होता. त्या बांधाला चाक टेकवून स्वार वेग फारसा न घालवता वळतो. मधल्या पट्ट्यात लाटांसारखे लागोपाठ लहान उंचवटे होते आणि प्रेक्षकांच्या अगदी समोर सपाट माथ्याचा मोठा उंचवटा होता, ज्यावरून गाड्या उडत होत्या. या प्रकाराला सुपरक्रॉस म्हणतात. मोकळ्या रानात आणि चढउतारांवर होणाऱ्या मोटोक्रॉसचे हे शहरी रूप आहे. सगळा ट्रॅक एकाच मैदानात बसवलेला असल्यामुळे जागेवरून न हलता शर्यतीचा बराचसा भाग दिसतो आणि म्हणूनच लहान मुलांना घेऊन पाहण्यासाठी हा प्रकार सोयीचा आहे.

सुरुवातीची पद्धत पाहण्यासारखी आहे. प्रत्येक गाडीच्या पुढच्या चाकासमोर एक आडवा लोखंडी दांडा उभा असतो आणि तो स्वाराच्याच बाजूला खाली पडतो, त्यामुळे घाई करून वेळेआधी पुढे घुसलेल्याचे चाक त्या दांड्यातच अडकते. दांडा पडण्याआधी स्वार बुटाने आपल्या चाकाखालची माती दाबून सपाट करत होते, कारण पहिल्या वळणावर जो आधी पोहोचतो त्याच्या तोंडावर कोणाची धूळ येत नाही. मग दहा-बारा इंजिनांचा आवाज एकदम चढतो. दिवाळी पाडव्याला मोटरसायकलमागे म्हशी पळवणाऱ्या आपल्या शहराला सायलेन्सरच्या आवाजाचे नवल नाही, तरी हा आवाज छातीत बसतो. तान्ह्या बाळांना आणि कानाचा त्रास असलेल्यांना कुंपणाजवळ बसवू नये, एवढे आवर्जून सांगते. आम्ही मुलीच्या कानात कापूस घातला होता आणि तो पुरेसा नव्हता.

या गाड्यांना दिवा नसतो, आरसे नसतात, साइड स्टँडही नसतो. वजन शंभर ते एकशे दहा किलोंच्या आसपास, म्हणजे रस्त्यावरच्या बुलेटच्या निम्म्याहून थोडे जास्त, आणि पुढचा शॉकअप जवळजवळ ३०० मिलिमीटर दबतो. म्हणूनच दुमजली घराच्या गच्चीवरून पडल्यासारखी वाटणारी उडी स्वार गुडघे वाकवून पचवतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा ॲक्सिलरेटर पिळतो. हवेत असताना गाडीचे तोंड वर जाऊ लागले तर तो मागचा ब्रेक दाबतो आणि तोंड खाली येते. तोंड खाली झुकू लागले तर ॲक्सिलरेटर देतो आणि ते वर उचलले जाते. फिरते चाक एकदम थांबवले की त्याचा झोका सगळ्या गाडीला बसतो, हे आप्पांनी नातीला तिथेच हातवारे करून समजावले आणि मागे बसलेले एक गृहस्थही पुढे वाकून ते ऐकत राहिले.

मात्र माझ्या मते या महोत्सवाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ट्रॅकच्या मागचा दुरुस्तीचा तंबू. दोन शर्यतींच्या मधल्या वेळेत तो सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. पेट्रोल आणि त्यातच मिसळावे लागणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या ऑइलचा वास, उघडलेल्या पेट्यांतले पाने, चिखल खरवडायला घेतलेली लाकडी पट्टी, खुणा केलेल्या प्लास्टिकच्या मापाने पेट्रोलमध्ये काटेकोर मोजून घातले जाणारे ऑइल, हे सगळे हातभर अंतरावरून पाहता येत होते. एका कोपऱ्यात सांगलीकडच्या एका मेकॅनिकने गाडीचा ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडर, उतरवला होता आणि काढलेला पिस्टन फडक्यावर ठेवला होता. आप्पा तिथे थबकले. त्यांनी विचारून पिस्टन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पिस्टन हळूहळू फिरवत अंगठ्याचे नख त्याच्या कडेवरून वरून खाली नेले. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे होते आणि नख तिथे अडकत होते.

“सीझ झालाय. ऑइल कमी पडलं काय?” आप्पांनी विचारले.

“नाही मामा, ऑइल बरोबर होतं. जेट बारीक पडला. काल दुपारी हाच जेट चालला, आज सकाळच्या गारठ्यात नाही चालला.”

जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधला बारीक भोकाचा तुकडा, त्यातून इंजिनाला पेट्रोल मिळते. थंड हवा दाट असते, ती जास्त आत गेली की तेवढ्याच पेट्रोलचे मिश्रण पातळ होते, पातळ मिश्रणाने पिस्टन तापतो, फुगतो आणि ब्लॉकला घासून अडकतो, म्हणजेच सीझ होतो. हे सगळे त्या मेकॅनिकने हातातले काम न थांबवता माझ्या मुलीला तिच्या भाषेत सांगितले आणि मग जुना व नवा असे दोन जेट तिच्या तळहातावर ठेवून भोकातला फरक उजेडाकडे धरून पाहायला लावला. फरक केसाएवढाही नव्हता. कोल्हापूरच्या फौंड्र्यांमधून आणि मशीन शॉपमधून देशभरातल्या वाहनांसाठी सुटे भाग जातात. या कामावर इथल्या हजारो घरांच्या चुली पेटतात, पण आपल्या हातून गेलेली वस्तू शेवटी कोणते काम करते हे कामगाराच्या मुलांना सहसा दिसत नाही. त्या तंबूत ते दिसत होते. आप्पा त्या मेकॅनिकशी अर्धा तास बोलत होते. निवृत्तीनंतर त्यांना इतके रंगून बोलताना मी पाहिले नव्हते.

रविवारी दुपारी मुलींची शर्यत झाली. सात जणी होत्या आणि त्यांपैकी एक दुसऱ्याच फेरीत वळणावर घसरून पडली. लगेच पिवळा झेंडा हलला, पिवळ्या झेंड्याच्या टप्प्यात कोणी कोणाला मागे टाकायचे नसते, हा नियम सगळ्यांनी पाळला, आणि ती मुलगी स्वतःच गाडी उभी करून, किक मारून पुन्हा निघाली तेव्हा मैदानातून जो “नाद खुळा!” असा पुकारा झाला तो विजेतीलाही मिळाला नसेल. या क्षणी निवेदकाने ऐश्वर्या पिसेचे नाव घ्यायला हवे होते. बेंगळुरूच्या या मुलीने २०१९ मध्ये बाहा, म्हणजे वाळवंटी रानातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या जागतिक स्पर्धेत महिला गटाचे विजेतेपद मिळवले आणि मोटरस्पोर्टमध्ये जागतिक किताब जिंकणारी ती पहिली भारतीय ठरली. २०१५ मध्ये वाळवंटातली अनेक दिवसांची डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष आणि २०२४ मध्ये त्याच रॅलीत आपला गट जिंकणारा हरिथ नोआ हे दोघेही अशाच मातीतल्या ट्रॅकवर तयार झालेले स्वार आहेत. समोर शेकडो मुले बसलेली असताना ही नावे त्यांच्या कानावर पडली असती तर किती चांगले झाले असते.

जुन्या मोटरसायकलींचे प्रदर्शन निवृत्ती चौकाच्या बाजूच्या कडेला मांडले होते. तिथे म्हैसूरच्या येझदी, राजदूत, मद्रासला बांधलेली जुनी बुलेट आणि १९७२ मध्ये बाजारात आलेली लुना होती. पण सर्वाधिक घोळका १९८५ ते १९९६ या काळात तयार झालेल्या यामाहा आरएक्स १००भोवती होता. गाड्या सुरेख राखलेल्या होत्या, मात्र शेजारी माहितीचे फलक नव्हते आणि मालक जवळ नसला की काही विचारायची सोय नव्हती.

हेल्मेटच्या स्टॉलने मला सुखद धक्का दिला. तिथे विक्रीपेक्षा मापावर भर होता. कपाळाभोवती टेप लावून मुलांच्या डोक्याचे माप घेत होते, पट्टा बांधून मागून हेल्मेट ओढून दाखवत होते आणि आयएस ४१५१ हा शिक्का कुठे पाहायचा ते सांगत होते. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा हवा व वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा नियम २०२२ मध्ये निघाला आहे. बाळाला टाकीवर बसवून आलेल्या कितीतरी आईवडिलांना हे तिथे पहिल्यांदा कळले असावे. छातीवर कवच, मानेला आधार आणि गुडघ्यापर्यंत बूट घातल्याशिवाय ट्रॅकवर पाऊल न ठेवणारे स्वार समोर दिसत असताना ही गोष्ट सांगितली गेली, म्हणून ती पटली.

आता तक्रारी. शनिवारची पहिली शर्यत एक तास उशिरा सुरू झाली, कारण तेवढा वेळ मान्यवरांचे सत्कार चालले होते. उन्हात बसलेली मुले कंटाळली आणि काही कुटुंबे एकही शर्यत न पाहता उठून गेली, याचे मला वाईट वाटले. सत्कार करायचेच असतील तर ते जेवणाच्या सुट्टीत करावेत. निवेदकाचा आवाज मोठ्या संगीताखाली सतत दबत होता, त्यामुळे कोणता गट धावतो आहे आणि कोण पुढे आहे हे कळायला दुसरा मार्ग उरत नव्हता; निकालाचा एक साधा फळा मैदानात असता तरी पुरले असते. स्त्रियांसाठी फिरती स्वच्छतागृहे अगदी अपुरी होती आणि त्यांच्यापर्यंत जाणारी वाट ओल्या मातीतून होती. पिण्याचे पाणी रविवारी दुपारीच संपले.

सर्वांत मोठी उणीव दिसण्याची होती. कुंपणाजवळच्या दोन रांगा सोडल्या तर मागच्यांना फक्त हवेत उडालेली हेल्मेट दिसत होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेले खासबाग मैदान याच शहरात आहे. कडेने चढत गेलेल्या त्याच्या गोलाकार बैठकीमुळे अगदी शेवटच्या रांगेतल्या माणसालाही हौदातली कुस्ती नीट दिसते. ट्रॅकसाठी एवढी माती आणलीच होती, तर तिच्यातूनच एका बाजूला प्रेक्षकांसाठी उतरता बांध घालता आला असता. पुढच्या वेळी संयोजकांनी एवढी एक सुधारणा जरी केली तरी गर्दीतल्या निम्म्या लोकांचा अनुभव बदलेल.

जाणाऱ्यांनी गाडी घेऊन पेठेत शिरू नये. ती लांब लावून बिनखांबी गणेश मंदिराकडून चालत यावे. शनिवारपेक्षा रविवार निवडावा, सकाळी लवकर पोहोचून मोठ्या उंचवट्यासमोरची जागा धरावी, टोपी आणि पाण्याची बाटली घरून आणावी आणि काही झाले तरी दुरुस्तीचा तंबू चुकवू नये.

रविवारी संध्याकाळी बक्षिसे देऊन झाल्यावर स्वयंसेवकांनी कुंपणाची एक बाजू उघडली आणि मुलांना ट्रॅकवर चालू दिले. माझी मुलगी सरळ मोठ्या उंचवट्यावर चढू लागली आणि चढाच्या पायथ्याशी थांबून म्हणाली, “आप्पा, इथून पलीकडचं काहीच दिसत नाही. मग उडी कुठं पडणार ते त्यांना कसं कळतं?” आप्पांनी तिला सकाळची आठवण करून दिली, शर्यतींच्या आधी सगळे स्वार हेल्मेट काखेत धरून हाच ट्रॅक पायी फिरले होते आणि याच उंचवट्यावर थांबून पावले मोजत होते. मग तीही मोजू लागली. चढ नऊ पावले, माथा बारा, उतार दहा. आप्पा खालून आकडे पाठ म्हणत होते आणि अंधार पडून शिट्टी वाजेपर्यंत आम्ही तिथेच होतो.